ड्रेस घड्याळ घ्यावं की डायव्हर? कोल्हापूरकराच्या मनगटाचा हिशोब

पहिलं जरा बरं घड्याळ घ्यायला निघालेल्या माणसासमोर दुकानदार साधारण दोन ट्रे ठेवतो. एकात पातळ, फिकट तबकडीची, चामडी पट्ट्याची, म्हणजे ड्रेस घड्याळं. दुसऱ्यात जाडजूड, काचेभोवती फिरतं कडं असलेली, तबकडीवर '२०० मीटर' मिरवणारी, म्हणजे डायव्हर. पहिली 'फॉर्मल', दुसरी 'स्पोर्टी', एवढंच तो सांगतो. राजारामपुरीत जा नाहीतर महाद्वार रोडला, वाक्य तेच. तेवढ्यावर पैसे मोजायची घाई करू नका.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वर्षातली चार लग्नं आणि मालवणची एक सहल यांवरून घड्याळ ठरवू नये. एखाद्या साध्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत तुमच्या डाव्या हाताच्या वाट्याला काय काय येतं, त्यावरून ठरवावं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच एका गोष्टीसाठी आहेत.

पायरी १: कोण कशासाठी जन्माला आलं ते बघा

ड्रेस घड्याळाचं काम एकच, शर्टाच्या कफाखाली गुपचूप बसायचं आणि विचारलं तर वेळ सांगायची. म्हणून केस पातळ, काटे दोन किंवा तीन, तबकडीवर गर्दी नाही, रेडियम बहुधा नाहीच. पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं १९३२ चं कॅलात्रावा हे या जातीचं आजही दाखवलं जाणारं उदाहरण. इतक्या लांब जायचं नसेल तर आपलं टायटन एज बघा. २००२ साली आलेल्या या घड्याळाची केस साडेतीन मिलिमीटर जाड आणि आतलं मशीन १.१५ मिलिमीटरचं होतं. त्याच्याही आधी आपल्या घराघरांत होतं ते एचएमटी. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्यानं १९६१ साली बंगळुरात त्यांचा कारखाना सुरू झाला. रोज चावी द्यावी लागणारं 'जनता' हे खरं तर रोजचं घड्याळ, पण आजच्या मापानं ते उत्तम ड्रेस घड्याळ ठरतं.

डायव्हरचा जन्म कामातून झाला. फ्रेंच नौदलाच्या बुडी मारणाऱ्या जवानांना अंधाऱ्या, गढूळ पाण्यात वाचता येईल असं घड्याळ हवं होतं. त्यातून १९५३ मध्ये ब्लांपॅनचं 'फिफ्टी फॅदम्स' आलं. पन्नास फॅदम म्हणजे साधारण ९१ मीटर. रोलेक्सचं सबमरिनरही त्याच वर्षाचं. जाड केस, मोठे काटे, भरपूर रेडियम, स्क्रूनं बंद होणारी चावी आणि फिरतं कडं, म्हणजे बेझल. यातली एकही गोष्ट शोभेसाठी आलेली नाही.

बेझल वापरायची रीत दुकानात फारशी कुणी सांगत नाही. त्यावरची त्रिकोणी खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. नंतर मिनिटकाटा बेझलवरच्या ज्या आकड्यासमोर असेल तेवढी मिनिटं गेली. आजच्या डायव्हरचं बेझल डावीकडेच फिरतं, त्यालाही कारण आहे. पाण्याखाली चुकून धक्का लागलाच तर गेलेला वेळ जास्त दिसेल, कमी नाही. माणूस लवकर वर येईल, पण टाकीतली हवा संपेपर्यंत खाली राहणार नाही. जमिनीवर हेच कडं मटण शिजवताना, पार्किंगची वेळ धरताना, उद्यमनगरात हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत माल किती वेळ ठेवला ते बघताना चालतं. मोबाइलवर टायमर आहेच, पण तेलकट हातानं मोबाइल काढायचा की नुसतं कडं फिरवायचं?

पायरी २: आठवडाभर हाताकडे लक्ष ठेवा

विकत घ्यायच्या आधी एक आठवडा द्या. जुनं घड्याळ असेल तर तेच बांधून फिरा आणि रात्री दोन ओळी लिहा. हात किती वेळा धुतले? पावसात गाडीवर होता का? घड्याळ कशावर आपटलं? कुठं काढून ठेवावं लागलं? कफाचं बटण किती दिवस लावलं होतं?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच जणांचं 'एकही दिवस नाही' असं निघतं. कोल्हापुरात उन्हाळ्यात बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि पावसाळ्यात रेनकोटात कोंबलेल्या. ज्या कफासाठी ड्रेस घड्याळ पातळ केलं, तो कफच तुमच्या आयुष्यात नसेल तर पातळपणाचे पैसे वाया. उलट बँकेत, कोर्टात किंवा कॉलेजात रोज पूर्ण बाहीचा शर्ट घालणाऱ्याला चौदा मिलिमीटर जाडीचा डायव्हर महिन्याभरात नकोसा होतो. कफ वर चढून बसतो, बटणाजवळचं कापड झिजतं आणि टेबलावर लिहिताना केस खडखडते.

पायरी ३: पाण्याचा आकडा नीट वाचा

सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहे, म्हणून इथं थोडं थांबू.

पावसाळ्यात आपण सगळे राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघत असतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ४३ फूट म्हणजे तेरा मीटर. मग ३० मीटर लिहिलेलं घड्याळ घालून पंचगंगेत खुशाल उडी मारावी की! मारू नका. तो आकडा खोलीची परवानगी नसतो. नव्या कोऱ्या घड्याळावर चाचणीच्या यंत्रात थोडा वेळ दिलेला तो दाब असतो. दर दहा मीटरला एक बार (हे दाबाचं माप) धरला तर ३० मीटर म्हणजे ३ बार.

हात मारल्यानं पाण्याचा दाब कित्येक पट वाढतो म्हणून ३० मीटरचं घड्याळ पोहताना चालत नाही, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. हिशोब केला तर तसं निघत नाही. हात सेकंदाला दहा मीटर वेगानं पाण्यातून गेला, जे कुणालाच जमत नाही, तरी वाढणारा दाब अर्ध्या बारच्या आसपास. खरं कारण रबराचं आहे. मागच्या झाकणाला, काचेला आणि चावीला बारीक रबरी रिंगा असतात. घाम, साबण, ऊन आणि वय यांनी त्या कडक होतात. ३० मीटरवाल्या घड्याळात मुळातच रिंगा नाजूक आणि चावी नुसती दाबून बसणारी. तिला पाण्यात धक्का लागला की संपलं. शिवाय साध्या वॉटर रेझिस्टंट घड्याळांचं मानक आयएसओ २२८१० नमुन्यादाखल काही घड्याळं तपासू देतं. डायव्हरचं मानक आयएसओ ६४२५ त्याहून कडक आहे. किमान १०० मीटर क्षमता हवी, प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या आकड्याच्या सव्वापट दाबाला तपासलेलं हवं, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता यायला हवी, खारं पाणी, धक्का आणि चुंबक यांच्याही चाचण्या पार पडायला हव्यात.

रोजच्या व्यवहारात मी असं धरतो. ३० मीटर: हात धुताना उडालेलं पाणी, रिमझिम. ५० मीटर: गाडीवर सापडलेला पाऊस, पण गगनबावड्याच्या घाटातला आडवा मारा नको. १०० मीटर: विहीर, तलाव, पोहण्याचा टँक. २०० मीटर: समुद्रासकट सगळं.

डायव्हरसारखं दिसतं ते सगळं डायव्हर नसतं. २०१९ साली नव्या रूपात आलेल्या सेको ५ स्पोर्ट्सला फिरतं बेझल आहे, रेडियम झकास आहे, पण क्षमता १०० मीटर आणि चावी स्क्रूची नाही. कॅसिओचं ड्युरो २०० मीटरचं आहे, पण तबकडीवर नुसतं 'वॉटर रेझिस्ट' आहे, 'डायव्हर्स' नाही. दोन्ही चांगली घड्याळं आहेत आणि रंकाळ्याभोवती चकरा मारणाऱ्याला पुरून उरतील. फक्त काय घेतोय ते माहीत असावं. महागड्या नावाची फर्स्ट कॉपी मात्र ३०० मीटर लिहिलेली असली तरी बेसिनच्या नळाखालीसुद्धा धरू नका.

आणि बंब. कढत पाण्याची अंघोळ कुठल्याच घड्याळानं करू नये, २०० मीटरवाल्यानंही नाही. उष्णतेनं धातू आणि रबर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, साबणाचं पाणी रिंगांच्या फटीत शिरतं, वाफ तर कुठंही जाते. नंतर गार पाणी लागलं की काचेच्या आतून धुकं धरतं. असं धुकं दिसलं तर तांदळाच्या डब्यात पुरू नका, त्याच दिवशी घड्याळवाल्याकडं जाऊन झाकण उघडून घ्या. उशीर झाला तर मशीनवर गंजाचे ठिपके दिसायला लागतात.

पायरी ४: मनगट मोजा, शर्ट घालून जा

दोरा मनगटाभोवती गुंडाळा आणि पट्टीवर मोजा. पण त्याहून कामाचं माप म्हणजे मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी. घड्याळाचे पट्टा धरणारे वरचे आणि खालचे कान, त्यांच्या टोकापासून टोकापर्यंतची लांबी या रुंदीबाहेर जाता कामा नये. तबकडीचा व्यास फसवतो. ४२ मिलिमीटरचा आखूड कानांचा डायव्हर बसतो आणि ४० चं लांब कानांचं ड्रेस घड्याळ हवेत तरंगतं. वेबसाइटवर हे माप असतं. तेवढा पुठ्ठा कापून मनगटावर ठेवून बघा, अर्धी शंका तिथंच मिटते.

साडेसहा इंचाच्या आसपास मनगट असेल तर ड्रेस घड्याळ ३६ ते ३९ आणि डायव्हर ४० ते ४१ पर्यंत ठीक. 'भावा, मोठं घड्याळ रुबाबदार दिसतंय' हे मित्राचं म्हणणं मनावर घेऊ नका. रुबाब मित्राला दिसणार, ओझं तुमच्या हाताला. दुकानात जाताना पूर्ण बाहीचा शर्ट घाला, बटण लावा आणि घड्याळ कफाखाली सरकतंय का ते तिथंच बघा. लग्नात फेटा आणि शेरवानी घालणार असाल तर शेरवानीची बाही अरुंद असते, हेही आठवा. कुर्त्याला हा त्रास नाही.

पायरी ५: आतलं मशीन आणि उद्यमनगरातलं चुंबक

सेलवरचं क्वार्ट्झ महिन्याला साधारण पंधरा-वीस सेकंद पुढं-मागं जातं. हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारं ऑटोमॅटिक दिवसालाच तेवढं जाऊ शकतं. सेको आपल्या ४आर३६ या मशीनसाठी दिवसाला +४५ ते −३५ सेकंद एवढी मोकळीक जाहीर करते. चावीचं घड्याळ रोज सकाळी आठवणीनं चाळीसेक फेरे मागतं, अडकल्यासारखं वाटलं की थांबायचं. ड्रेस घड्याळ महिन्यातून दोनदाच बांधणार असाल तर क्वार्ट्झ घ्या, कपाटातून काढलं की वेळ बरोबर असते. ऑटोमॅटिक दोन दिवस पडून राहिलं की बंद पडतं आणि घाईच्या वेळी तारीख जुळवत बसावं लागतं.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा शिवाजी उद्यमनगरात काम करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सरफेस ग्राइंडरचं मॅग्नेटिक चक, डायल गेजचा चुंबकी स्टँड, वेल्डिंगच्या केबली, हे सगळं चावीच्या आणि ऑटोमॅटिक घड्याळांचे शत्रू. आयएसओ ६४२५ प्रमाणे डायव्हरनं ४,८०० अँपिअर प्रति मीटर एवढं चुंबकीय क्षेत्र सोसायला हवं. चकच्या पृष्ठभागावर त्याच्या कित्येक पट असतं. आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढं पळायला लागतं. मशीन बिघडलं म्हणून सर्व्हिसिंगला द्यायच्या आधी मोबाइलमधलं होकायंत्र उघडा आणि घड्याळ त्याच्याजवळ फिरवा. सुई हलली तर रोग चुंबकाचा. घड्याळवाल्याकडे छोटं यंत्र असतं, काही सेकंदांत उतरतं. क्वार्ट्झ चुंबकाजवळ थांबेल, बाजूला नेलं की पुन्हा चालेल; वेळ तेवढी लावून घ्यायची.

फिरत्या मशीनवर उभं राहणाऱ्यानं तर घड्याळ खिशातच ठेवावं. लेथवर स्टीलच्या चेनचं घड्याळ बांधून काम करणाऱ्याला घड्याळाचा सल्ला देण्यात अर्थ नाही, त्याला आधी हात वाचवायचा सल्ला द्यायला हवा.

पायरी ६: पट्टा

जून ते सप्टेंबर चामडी पट्टा कपाटात ठेवा. भिजलेलं चामडं मनगटावर वाळतं, वास मारतं, शिलाईपाशी कुजतं. एवढ्यासाठी ड्रेस घड्याळ चार महिने बंद ठेवायची गरज नाही, पट्टा बदला. कानांमधलं अंतर १८, २० की २२ मिलिमीटर ते मोजून घ्या, म्हणजे नायलॉनचा किंवा रबरी पट्टा आणता येतो. पिना नखानं सरकणाऱ्या असतील तर घरी मिनिटाचं काम.

कोल्हापुरात राहण्याचा एक फायदा इथं घ्यावा. चप्पल लाइनीत चामड्याचं काम जाणणारे हात आहेत. आपल्या चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. ते घामानं आणि वापरानं गडद होत जातं, छान दिसतं. पण चपलेच्या जाडीचं चामडं घड्याळाला चालत नाही. तासून दोन-अडीच मिलिमीटरवर आणायला सांगा, जुना पट्टा नमुना म्हणून द्या आणि पिनेसाठी जागा मोकळी ठेवायला सांगा. असा पट्टा डायव्हरवर जास्त शोभतो. पातळ ड्रेस घड्याळावर तो अंगापेक्षा बोंगा मोठा होतो.

डायव्हर घेतलाय आणि लग्नाला जायचंय? काळी तबकडी, काळा साधा चामडी पट्टा, आणि जाडी बारा मिलिमीटरच्या आत. कुणी बोट दाखवणार नाही. उलटं मात्र जमत नाही. ड्रेस घड्याळाला रबरी पट्टा लावला म्हणून ते पोहायला लागत नाही.

पायरी ७: काउंटरवर काय तपासायचं

डायव्हरचं बेझल बाराच्या खुणेवर आणा. त्रिकोण नेमका बारासमोर बसतो का, की अर्धा दात इकडंतिकडं? बोट लावून हलवा, ढिलं वाटलं तर दुसरा नग मागा. चावी दोनदा पूर्ण उघडून बंद करा. आटे चुकत असतील तर पुढं तीच जागा पाणी पिणार. तळहाताचा आडोसा करून रेडियम बघा. ड्रेस घड्याळात काच बघा. अ‍ॅक्रिलिकवर लगेच चरे पडतात पण पॉलिशनं जातात. मिनरल काचेवरचा चरा जात नाही. सफायरवर सहसा पडत नाही, पण आपटली तर ती फुटते. एवढं बघून झालं की गॅरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख घ्या.

जुनं एचएमटी घ्यायचं असेल तर मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला आणि तेव्हापासून रंगीबेरंगी तबकड्यांची 'दुर्मीळ' घड्याळं भरपूर विकायला आली. झगझगीत जांभळी किंवा हिरवी तबकडी, त्यावर जाडसर अक्षरं, असं दिसलं की ती नव्यानं रंगवलेली आहे असं धरून चाला. आवडली तर घ्या, पण भाव अस्सलचा देऊ नका. या घड्याळात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नये, लिहिलेलं काहीही असो.

आता ठरवा

रोज कफ, रोज खुर्ची, गाडीवर जेमतेम दहा मिनिटं: ड्रेस घड्याळ, शक्यतो ५० मीटरचं, आणि पावसाळ्यासाठी एक नायलॉनचा पट्टा. शेतावर, डेअरीवर, साइटवर, फौंड्रीत: डायव्हर, क्वार्ट्झ असेल तर उत्तम. डॉक्टर, नर्स, हॉटेल चालवणारे, म्हणजे दिवसातून पन्नासदा हात धुणारे: यांनी चामड्याच्या वाटेला जाऊच नये. नवऱ्या मुलासाठी सासरकडून घड्याळ घ्यायचं असेल तर जावयाला विचारून घ्या. सोनेरी ड्रेस घड्याळ लग्नाच्या फोटोत येतं आणि मग लॉकरमध्ये जातं, असं फार वेळा बघितलंय.

एकच घ्यायचं आणि दहा वर्षं वापरायचं म्हणाल तर माझं मत चाळीसच्या आतल्या, बारा मिलिमीटरहून पातळ, १०० किंवा २०० मीटरच्या साध्या तबकडीच्या घड्याळाला. दोन्ही ट्रेंमधलं मधलं काहीतरी. दुकानदार ते शेवटी दाखवतो, कारण त्यात सांगण्यासारखं नाट्य कमी असतं.

मालवण-तारकर्लीला स्कुबासाठी जाणाऱ्यांना एक सांगतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला प्रशिक्षक काही मीटरच खाली नेतो आणि वेळ तोच बघतो, त्यामुळे तुमचं घड्याळ तिथं हौसेपुरतंच. बांधणार असाल तर बोटीत बसण्यापूर्वी चावी घट्ट आहे ना बघा, पाण्याखाली तिला हात लावू नका आणि बाहेर आल्यावर गोड्या पाण्यानं घड्याळ धुवा. धुताना बेझल दोन फेरे फिरवा, नाहीतर त्याखाली मीठ आणि वाळू बसून ते महिन्याभरात जाम होतं.

घरी आणल्यावर ऑटोमॅटिक किंवा चावीच्या घड्याळाची तारीख रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात झटपट बदलू नका. त्या वेळी तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात आणि दात तुटू शकतो. आधी काटे फिरवून सहावर आणा, मग तारीख लावा, मग वेळ. डायव्हर असेल तर शेवटी चावी आत दाबून आटे लागेपर्यंत फिरवा.